पुण्यात सापडणारी अनोळखी झाडफळं: ओळख आणि जुने उपयोग, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

टेकडीवर, सोसायटीच्या आवारात नाहीतर एखाद्या जुन्या बंगल्याच्या कुंपणाबाहेर पडलेलं फळ उचलून "हे कशाचं हो?" असं विचारणारी माणसं पुण्यात पुष्कळ भेटतात. मला त्यांचं फार कौतुक वाटतं. त्यांचेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जुन्या लोकांनी फळाचा उपयोग सांगितला तेव्हा ते कधी तोडायचं, कसं भाजायचं, काय काढून टाकायचं आणि किती घ्यायचं हेही सांगितलं होतं. आता उपयोगाची माहिती मोबाइलवर फिरते आणि रीत मागेच राहते. म्हणून जिथे रीत महत्त्वाची आहे तिथे मी थोडं लांबण लावलं आहे.

फळ सापडलं. ओळखायला सुरुवात कुठून करायची?

आधी वर बघा. फळ ज्या झाडाखाली पडलंय त्याच झाडाचं असेल असं नाही. वटवाघळं, पोपट आणि कावळे फळ उचलतात एकीकडून आणि टाकतात दुसरीकडे. वरच्या फांदीवर तसंच फळ दिसलं तरच पुढे जा.

मग फळ झाडाला कुठे लागलंय ते पाहा. थेट खोडावर असेल तर यादी लगेच आखूड होते: फणस, उंबर, कैलासपती. लांब दांड्यावर लोंबत असेल तर ब्रह्मदंड किंवा गोरखचिंच. फांदीच्या टोकाला झुपक्याने असेल तर मात्र पान पाहावंच लागतं. ते साधं आहे की संयुक्त, समोरासमोर आहे की एकाआड एक, तोडल्यावर चीक येतो का, हे बघा. चीक दिसला तर बोटांना लावून घेऊ नका.

फोटो पाठवायचा असेल तर निव्वळ फळाचा पाठवू नका. फळ एकदा उभं आणि एकदा आडवं कापा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा, बी वेगळं काढून ठेवा आणि पानाच्या दोन्ही बाजू दाखवा. बहुतेक चुका बी न बघितल्यामुळे होतात.

खोडालाच तोफेच्या गोळ्यांएवढी गोल फळं लागलेलं झाड कोणतं?

कैलासपती, कौरोपिटा गुयानेन्सिस. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. फुलातल्या पुंकेसरांच्या फण्यामुळे आणि खालच्या पिंडीसारख्या भागामुळे ते आपल्याकडे शंकराच्या देवळांभोवती रुजलं आणि लोक त्याला देशीच समजू लागले. फुलाला सुगंध असतो, पण पिकलेलं फळ फुटलं की आतल्या गराला अगदी नकोसा वास येतो. खाण्याच्या भानगडीत पडू नका. फळ जड असतं, त्यामुळे या झाडाखाली बाक ठेवू नये आणि गाडीही लावू नये.

दोरीला टांगल्यासारखी हातभर लांब, जाडजूड फळं दिसली. दुधी आहे का?

तो ब्रह्मदंड. शास्त्रीय नावावरून काही जण कायजेलिया म्हणतात. झाड आफ्रिकेतलं. गडद लाल फुलं रात्री उमलतात आणि वटवाघळं परागीभवन करतात. फळ अर्धा मीटरच्या आसपास लांब, काही किलो वजनाचं आणि आतून तंतुमय, लाकडासारखं कडक असतं. कच्चं फळ विषारी आहे. मुतखड्यावरचं औषध म्हणून याची पूड विकली जाते. मुतखडा सोनोग्राफीत दिसतो, त्याचा आकार मोजता येतो, उपचारही ठरलेले आहेत. तिथे रस्त्यावरची पूड कशाला घ्यायची?

कवठ आणि बेल यांत नेहमी घोटाळा होतो. फरक कसा ओळखायचा?

पान हातात घेतलं की प्रश्नच मिटतो. बेलाला तीन पानांचं दल, ते सगळ्यांना माहीत आहे. कवठाचं पान पिसासारखं, पाच-सात लहान पर्णिकांचं. पान चुरगाळलं तर बडीशेपेच्या जवळचा वास येतो.

बाजारात पान नसतं, तेव्हा कवच बघा. बेलफळ गुळगुळीत असतं आणि पिकलं की पिवळसर होतं. कवठाचं कवच खरखरीत, करडं-पांढुरकं, वर कोंडा असल्यासारखं. पिकलेलं कवठ हलवलं तर आतला गर सुटा झाल्याचं हाताला कळतं. मंडईत जुने गिऱ्हाईक ते हातभर उंचीवरून जमिनीवर टाकून बघतात. उसळलं तर कच्चं, धप्पकन बसलं तर पिकलेलं. ही परीक्षा मी अजूनही करतो.

फोडल्यावर कवठाचा गर तपकिरी, आंबटगोड, बारीक बियांनी भरलेला असतो. महाशिवरात्रीच्या सुमारास मंडईत कवठं येतात. गर, जवळपास तितकाच गूळ, तिखट, मीठ आणि जिरं घालून केलेली चटणी उपासाला चालते. बिया गरातच वाटल्या जातात, काढायची गरज नाही. बेलाचा गर केशरी, चिकट, वेगळ्याच सुवासाचा असतो. अर्धकच्च्या फळाचा मुरंबा पोट बिघडल्यावर द्यायची पद्धत आहे आणि पिकलेल्याचं सरबत होतं. दोन्ही झाडं लिंबाच्याच कुळातली आहेत, म्हणून पानांना वास असतो.

रस्त्यावर लालभडक, होडीच्या आकाराचं, आत काळ्या बिया असलेलं फळ सापडलं.

जंगली बदाम, स्टरक्युलिया फीटिडा. पुण्यात रस्त्याकडेला बऱ्याच ठिकाणी लावलेला आहे. वसंतात फुलतो तेव्हा सगळ्या गल्लीला दुर्गंध येतो आणि लोक ड्रेनेज फुटल्याची तक्रार करतात. फळ मात्र देखणं. पाच-पाच लाकडी होड्या एकत्र जोडलेल्या, आणि उघडलेल्या कडेवर ओळीने बसवलेल्या काळ्या, चकचकीत बिया. त्या भाजून खायची रीत आहे. कच्च्या खाल्ल्या तर जुलाब होतात.

याच गोतातलं कांडोळ डोंगरउतारावर भेटतं. पांढरंफटक, चकाकणारं खोड आणि उन्हाळ्यात एकही पान नाही, म्हणून त्याला भुत्या असंही नाव आहे. फळं पाच टोकांच्या चांदणीसारखी, तांबडी, वर दाट केस असलेली. या केसांना हात लावू नका. ते कातडीत घुसतात आणि फार आग होते. बिया याच्याही भाजून खातात, पण आधी हे केस जाळून काढायला लागतात. खोडातून मिळणारा डिंक मोलाचा असतो. तो काढण्यासाठी घातलेल्या घावांनी अनेक ठिकाणी झाडं मरायला टेकली आहेत, याचं वाईट वाटतं.

आमच्या सोसायटीतला बदाम हाच खरा बदाम का?

नाही. तो देशी बदाम, टर्मिनॅलिया कॅटप्पा. आडव्या मजल्यांसारख्या फांद्या, पानगळीआधी लालबुंद होणारी मोठी पानं. दगडाने आठोळी फोडली तर आतली बारीक, गोडसर बी खुशाल खावी. हे झाड हिरड्या-बेहड्याचं सख्खं भावंड आहे.

बिब्ब्याबद्दल इतकं भय का? आणि मग गोडंबी कशी खातो आपण?

हे फळ हातात न घेता जवळून बघा. थंडीत पिकतं. वरच्या बाजूला पिवळ्या-केशरी रंगाचा मांसल भाग आणि त्याच्या टोकाला बाहेरून चिकटवल्यासारखं काळं, चपटं, हृदयाच्या आकाराचं बी. काजूची रचना अशीच असते, कारण बिब्बा, काजू, आंबा आणि चारोळी एकाच कुळातले. धोका त्या काळ्या भागात आहे. त्याच्या कवचाच्या दोन थरांमध्ये काळा, तेलकट चीक भरलेला असतो. तो कातडीला लागला की फोड येतात, काहींचं अंग सुजतं. आंब्याच्या चिकाने ज्यांना उततं त्यांनी तर झाडापासून लांबच राहावं.

याच चिकाने धोबी कपड्यांवर खुणा करत. चुन्याबरोबर तो पक्का काळा होतो आणि धुऊन जात नाही. केशरी भाग सुकवून किंवा भाजून डोंगरातली माणसं खातात. काळं बी जाणकार माणूस फोडतो, चीक टाळून आतला पांढरा गर काढतो, तीच गोडंबी. डिंकाच्या लाडवात ती पडते. फोडायचं काम घरी करू नका, दुकानातून सोललेली आणा. हात तेलाने माखून, बिचकत बिचकत बी फोडणाऱ्या बायांच्या बोटांवर काळे डाग पडलेले असतात. गोडंबी महाग का, हे ते डाग बघितल्यावर समजतं.

आयुर्वेदात बिब्बा औषध म्हणून आहे, पण शुद्धी केल्याशिवाय नाही. पायाला काटा रुतल्यावर किंवा सांधा दुखल्यावर बिब्बा घालायची जुनी सवय होती. त्यातून झालेल्या जखमा मी पाहिल्या आहेत. कृपा करून हे करू नका. चीक लागलाच तर साबण-पाण्याने लगेच धुवा, खाजवू नका. फोड वाढले किंवा चेहऱ्याला सूज आली तर डॉक्टरांकडे जा.

रिठा कसा ओळखायचा? आणि घरी वापरता येतो का?

कच्ची फळं तीन-तीन एकत्र जुळलेली, लवदार असतात. वाळली की सुरकुतलेली, तांबूस-तपकिरी साल आणि आत खुळखुळणारी काळीभोर, गोल, कडक बी. फेस सालीत आहे. बी काढून टाकायची हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ते अख्खे रिठे उकळतात आणि मग फेस होत नाही म्हणतात.

साली रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी थोड्या उकळा, हाताने चुरून गाळून घ्या. रेशमी साडी, लोकरीची शाल आणि सोन्याचे दागिने यांसाठी याच्याइतकं सौम्य काही नाही. सोनार अजूनही वापरतात. केसांसाठी शिकेकाईबरोबर घ्यायचा. डोळ्यांत गेला तर भयंकर चुरचुरतं, म्हणून लहान मुलांना डोळे मिटायला लावा. पोटात मात्र जाऊ देऊ नका. फेस करणारे हेच सॅपोनिन माशांना गुंगवायला वापरले जात. रिठ्याचं पाणी विहिरीत, ओढ्यात ओतू नये ते याच कारणाने.

पुण्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या माळांवर रिठ्याचंच काम करणारं दुसरं झाड आहे, हिंगण किंवा हिंगणबेट. लांब हिरवे काटे, जोडीजोडीने राखट पानं, पिकल्यावर पिवळसर होणारं लंबगोल फळ. गर चिकट, कडूगोड, धुण्याच्या कामाचा. आठोळी इतकी कडक की ती पोखरून, आत दारू ठासून तिचा फटाका करत. मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या गौतमपुऱ्यात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी 'हिंगोट युद्ध' होतं, त्यात एकमेकांवर फेकतात ती हीच फळं. दरवर्षी माणसं जखमी होतात.

हिरडा आणि बेहडा वाळलेले असले की सारखेच वाटतात.

हिरड्यावर पाच ठळक उभ्या धारा असतात आणि तो लांबट असतो. बेहडा गोलसर, करडा, मखमली लव असलेला. लहान, काळा, सुरकुतलेला आणि आत आठोळी न धरलेला असेल तर तो बाळहिरडा, म्हणजे कोवळेपणीच काढून वाळवलेला हिरडा. भाव बाळहिरड्यालाच चांगला मिळतो.

हा विषय पुणे जिल्ह्याच्या फार जवळचा आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम भागात, भीमाशंकरच्या परिसरात महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात. पावसाळ्याआधी हाती रोख पैसा येण्याचा तो मोठा मार्ग. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा तिथल्या हिरड्याचं मोठं नुकसान झालं. एक हिरडा पुन्हा फळावर यायला वर्षानुवर्षं लागतात. पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात पन्नास ग्रॅम हिरडा घेताना त्यामागे कोणाचे हात आहेत ते ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा. औषधाखेरीज कातडी कमावायला आणि काळी शाई करायलाही हिरडा लागे, कारण त्यात टॅनिन भरपूर.

बाळगुटीतलं मायफळ कोणत्या झाडाचं फळ?

ते फळच नाही. ओक जातीच्या झाडावर एक बारीक कीटक अंडी घालतो, तिथे झाडाला जी गाठ येते ती मायफळ. नीट बघितलं तर काहींना कीटक बाहेर पडल्याचं छिद्र असतं. गुटीतली मुरडशेंग मात्र पुण्याच्या टेकड्यांवर, सिंहगडाच्या वाटेवर सापडते. झुडूपच ते, पिळा घातलेल्या शेंगा लांबून ओळखू येतात. पोटातल्या मुरड्यावर द्यायची म्हणून गुटीत आली. गुटी द्यायची की नाही हे मात्र बाळाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. सहाण, पाणी आणि हात स्वच्छ नसले तर तान्ह्या पोटाला त्याचाच त्रास होतो.

भोकरं आणली, पण हात इतके चिकट झाले की टाकून दिली.

मीठ घेतलं नव्हतं का? हिरवी भोकरं धुऊन पुसून बत्त्याने हलकेच ठेचायची, फुटली की बोटांना मीठ लावून बी काढायची, आतही मीठ चोळायचं. चिकटपणा बराच कमी होतो. मग कैरीबरोबर लोणचं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मंडईत मिळतात. झाडावर पिकली की पिवळसर-गुलाबी, अर्धपारदर्शक होतात आणि त्यांचा गर म्हणजे तयार गोंद. पतंगाचे कागद यानेच चिकटवले जात.

निळ्या रंगाचं, गोटीएवढं फळ सापडलं. रुद्राक्ष असेल का?

असू शकेल. पुण्यात हौसेने लावलेली रुद्राक्षाची झाडं आहेत आणि फळ खरोखरच चकचकीत निळं असतं. या निळ्या रंगात रंगद्रव्य नाही. सालीतल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश ज्या तऱ्हेने परततो त्यामुळे ते निळं दिसतं. फळ काही दिवस पाण्यात भिजवून गर काढा आणि जुन्या दातब्रशने घासा, आत खाचाखोचांची आठोळी मिळेल. मुखं म्हणजे फळाच्या कप्प्यांच्या उभ्या रेषा. पाच मुखं सर्वांत जास्त आढळतात, त्यामुळे पंचमुखीला भरमसाट पैसे मोजू नयेत.

काळं, लाकडी, खडबडीत, दोन-तीन सेंटीमीटरचं फळ घेऊन "रुद्राक्ष मिळाला" म्हणणारे पुष्कळ असतात. ते गुआझुमाचं, अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेल्या झाडाचं. काही जण भद्राक्ष म्हणतात. फोडलं तर आत ढीगभर बारीक बिया निघतात.

झाडाखाली लाल, चमकदार बिया पडल्या होत्या. गुंजा ना?

सगळं बी लाल असेल आणि वर मोठं झाड असेल तर रतनगुंज. लाल बीवर काळा ठिपका असेल तर ती खरी गुंज आणि ती वेलीवर येते. सोनाराच्या तराजूत दोन्ही वापरल्या गेल्या. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हा हिशेब खऱ्या गुंजेचा. रतनगुंजेची बी मोठी, चार बियांचं वजन साधारण एक ग्रॅम.

काळ्या ठिपक्याची गुंज अतिशय विषारी आहे. अख्खी गिळली तर कडक सालीमुळे पुष्कळदा तशीच बाहेर पडते, पण चावलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली गुंज जीवघेणी ठरू शकते. गुंजांच्या माळा मुलांच्या हाती देऊ नका.

पुण्यात मुलांना सर्वांत जास्त धोका कशाचा?

माझं उत्तर ठरलेलं आहे: बिट्टी आणि मोगली एरंड.

बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. बागेच्या कुंपणाला, रस्त्याच्या दुभाजकावर, अगदी शाळेच्या भिंतीलाही दिसते. फळ हिरवं, कोनेदार, पिकल्यावर काळं. आत तिकोनी कडक आठोळी, जिने मुलं खेळतात. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आणि बी सर्वांत जास्त. विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं. मोगली एरंडाची बी चवीला शेंगदाण्याच्या जवळ जाते, म्हणून मुलं एकापाठोपाठ एक खातात आणि तासाभरात उलट्या-जुलाब सुरू होतात.

खाल्ल्याचा संशय आला तरी थांबू नका. उलटी करवू नका, घरगुती उतारा देऊ नका. तोंडातलं उरलेलं काढा, फळाचा तुकडा पिशवीत घ्या आणि रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा. बिट्टी खाल्लेलं मूल नंतर नीट खेळताना दिसलं तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवं, कारण नाडी मागाहून बिघडू शकते.

महोगनीच्या बिया मधुमेहावर चालतात का?

खाऊ नका. या बिया खाऊन यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले गेले आहेत. फळाची ओळख मात्र मजेची: झाडावर उभं राहणारं, तपकिरी, लाकडी फळ बुडाकडून पाच फाकांनी उघडतं आणि पंखवाल्या बिया गरगरत खाली येतात.

शेंगा ओळखायच्या काही सोप्या खुणा?

दंडगोल, काळपट, हातभर लांब शेंग बहाव्याची. आत नाण्यांसारख्या चकत्या आणि प्रत्येक चकतीवर काळा, चिकट, गोडसर गर. तो रेचक आहे आणि वैद्य तो मोजूनमापून देतात. चपटी, तलवारीसारखी, लाकडी शेंग गुलमोहोराची. तांबूस, लहान, दोन्ही टोकांना निमुळती सोनमोहोराची. चपटी गोल डबी नीलमोहोराची. वाऱ्यावर वाजणाऱ्या पिवळट शेंगा शिरीषाच्या. आखूड, चपटी, आत एकच बी असलेली करंजाची. करंजाचं तेल दिव्याला आणि त्वचारोगांवर वापरतात, बी खायची नाही. वेटोळी, गुलाबी-पांढऱ्या गराची विलायती चिंच मात्र खुशाल खा.

गोरखचिंच खरंच चिंच आहे का?

चिंचेशी तिचं काही नातं नाही. आफ्रिकेतला बाओबाब तो. प्रचंड जाड खोड, पंजासारखं पान, लांब दांड्यावर मखमली लव असलेलं फळ. आत पांढरा, कोरडा, आंबट गर. तो पाण्यात कालवून उन्हाळ्यात पितात आणि त्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं. मध्य प्रदेशातल्या मांडूला गेलात तर तिथे ही फळं "मांडूची इमली" म्हणून विकायला असतात.

बकुळीची केशरी फळं खाल्ली तर चालतात?

चालतात. पिठूळ, गोड आणि शेवटी तुरट. पुण्यात बकुळी रस्तोरस्ती आहेत, तरी फळ चाखलेली मुलं फार थोडी भेटतात. रहदारीच्या रस्त्यावरची फळं धुऊन घ्या.

टेकडीवरून फळं तोडून आणावीत का? आणि खात्री कोणाकडून करून घ्यायची?

पडलेलं एखादं उचला, तोडू नका. पुण्याच्या टेकड्यांचा बराच भाग वनखात्याकडे आहे आणि ही फळं बुलबुल, धनेश, वटवाघळं यांचं अन्न आहे. बी पुढे नेण्याचं कामही तेच करतात.

खात्रीसाठी पुण्यासारखं शहर नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र इथे आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. दोन्हीकडे वाळवून जपलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. जाताना निव्वळ फळ नेऊ नका. पानांसकट छोटी डहाळी वर्तमानपत्रात दाबून घ्या आणि सोबत जागा, तारीख आणि झाडाची अंदाजे उंची लिहून न्या. महाविद्यालयांतले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकही आनंदाने मदत करतात. झाडं प्रत्यक्ष बघायची असतील तर कॅम्पातलं एम्प्रेस गार्डन आणि विद्यापीठाचं आवार यांपासून सुरुवात करा. जानेवारी ते मे हा काळ उत्तम, कारण पानगळ झालेली असते आणि फांदीवरची फळं उघडी दिसतात.